दुसऱ्याच्या हातातला चेंडू

व्हर्लन हॅस्केटने बेसबॉल सोडल्याला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि तेवढ्या काळात त्याने एकदाही कुठल्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. टीव्हीवर सामना लागला की तो उठून बाहेर जायचा. ओक्लाहोमाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत तो गॅसचा टँकर चालवायचा, शेतावरच्या घरांच्या टाक्या भरून द्यायचा. गिऱ्हाइकांतले जुने लोक त्याला ओळखायचे. एखादा म्हातारा कुंपणाला टेकून म्हणायचा, "काय कर्व्ह होता राव तुझा! पायरी चुकलेल्या माणसासारखा खाली जायचा चेंडू." व्हर्लन हसायचा, नळी गुंडाळायचा आणि निघायचा.

त्याच्या ऐन उमेदीत, ऑगस्टमधल्या एका दुपारी, भरल्या मैदानात चेंडू फेकताना त्याच्या खांद्यातून जुनं कापड फाटावं तसा आवाज आला होता. दोनदा चिरफाड झाली. खांदा जाग्यावर बसला, पण हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. तेव्हापासून तो डाव्या हाताने केस विंचरायचा, आणि पुढे विंचरण्याइतके केसही राहिले नाहीत.

एका मार्चमध्ये चेबो आरियागा त्याच्या दारात येऊन उभा राहिला. मोठ्या लीगमध्ये व्हर्लनचे चेंडू याच चेबोने पकडलेले. बॅटवाल्याच्या पायाशी असलेल्या प्लेटच्या मागे उकिडवं बसून गुडघ्यांची पार वाट लागलेला, तोंडाने अखंड बडबडणारा माणूस.

"लठ्ठ झालास," व्हर्लन म्हणाला.

"आणि तू म्हातारा झालास. मी निदान खाऊनपिऊन तरी झालोय." चेबो न विचारता आत येऊन बसला. केटल बेंड नावाच्या, ओहायो नदीकाठच्या गावातल्या हेरन्स या छोट्या लीगमधल्या संघाचा तो मॅनेजर होता. त्याच्या पिचिंग कोचला, म्हणजे चेंडू फेकायला शिकवणाऱ्याला, वरच्या लीगमधल्या एका संघाने ऐन हंगामाच्या तोंडावर उचलून नेलं होतं. "माझी पोरं जीव खाऊन चेंडू फेकतात, व्हर्न. जातो कुठे ते देवाला ठाऊक. तू ये."

"मला फेकता येत नाही."

"फेकायला पोरं आहेत की. तू नुसतं बोलायचं."

"मला बोलताही येत नाही."

"ते मला सांगतोस? आपल्या दोघांचं मिळून तेव्हाही मीच बोलायचो."

स्वयंपाकघरातून नोरीनचा आवाज आला. "येईल तो."

"नोरीन, तू मध्ये..."

ती हात पुसत दारात आली. "लग्न झाल्यापासून अर्धा जन्म तुझी पाठ बघत काढला मी. त्या खिडकीत उभा राहून काय बघतोस रे? बाहेर शेजाऱ्याची डुकरं आहेत फक्त. जा एकदाचा. मी काही पळून जात नाही."

व्हर्लन गेला.

केटल बेंडचं मैदान नदीला लागूनच होतं. उजवीकडच्या भिंतीपलीकडे मातीचा बांध आणि बांधापलीकडे ओहायो. कोळशाच्या आणि खडीच्या बोटी एकमेकींना बांधून, त्यांच्या मागे एक ठेंगणं दणकट जहाज त्यांना ढकलत न्यायचं, आणि वळणावर आलं की भोंगा द्यायचं. पहिल्या सकाळी व्हर्लन मैदानाच्या दाराशी थबकला. ओल्या गवताचा आणि ग्लोव्हला चोळलेल्या तेलाचा वास आला, आणि त्याला वाटलं, आत्ता गाडीत बसावं आणि सरळ घरी जावं. तेवढ्यात चेबोने मागून हाक मारली, "दार ढकलायचं असतं, लेका. ओढतोयस काय?"

चेंडू फेकणारे पिचर ओळीने उभे होते. कोल्बी रश नावाचा एक लाल दाढीवाला फाजील गडी हातातल्या फोनवरचा जुना फोटो पुढे करत म्हणाला, "कोच, हे तुम्हीच ना? मग केस कुठे गेले?"

"तुझ्यासारख्यांना शिकवायचंय हे कळलं, तेव्हा उडाले," व्हर्लन म्हणाला. सगळे हसले. त्या हसण्यात त्याने फोनवरच्या त्या सडसडीत तरुणाकडे बघायचं टाळलं.

त्याच वेळी सरावाच्या कोपऱ्यातून एक आवाज आला. चेंडू कातड्यात बसण्याचा. हजार जण चेंडू फेकतात, त्यांतल्या एखाद्याचाच असा बसतो. आधी काही ऐकू येत नाही आणि मग एकदम ठप्प. व्हर्लनच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली. त्याने मान वळवली. एक उंच, काळा, शांत चेहऱ्याचा तरुण फेकत होता, अंगातला सगळा जोर न लावता, जणू कुणाला हातातली वस्तू देतोय.

"तो टेव्हियन ब्लेडसो," चेबो हलक्या आवाजात म्हणाला. "मिसिसिपीकडचा. आता कळलं तुला का आणलंय ते?"

व्हर्लन त्या पोराच्या हाताकडेच बघत राहिला. त्याला हेवा वाटला, आणि त्या हेव्याच्या खालून जे वर आलं त्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. घरी सोडून आलेल्या माणसाचा आवाज गर्दीत अचानक ऐकू यावा, तसं काहीतरी.

टेव्हियनकडे वेग होता, पण आयत्या वेळी खाली वळणारा कर्व्ह नव्हता. व्हर्लनने त्याला बाजूला घेतलं.

"दाखवा ना, कोच."

"दाखवता येत नाही." व्हर्लनने त्याचा पंजा हातात घेतला आणि त्याची बोटं एकेक करून चेंडूच्या शिवणीवर बसवली. "हे असं. आता मनगट पिरगाळायचं नाही. समोर भिंत आहे आणि तुला खिळा ठोकायचाय, एवढंच. वरून खाली. बाकीचं चेंडूला माहीत असतं."

पहिले काही दिवस चेंडू मातीत आपटत राहिले. कोल्बी ओरडायचा, "टेव्ह, गांडुळं मारतोयस का?" टेव्हियन हसायचा आणि पुन्हा चेंडू उचलायचा. व्हर्लन तासन्‌तास त्याच्या शेजारी उभा असायचा. आपल्याला इतकं बोलता येतं हे त्याला नव्यानेच कळत होतं. खांदा, कोपर, पुढच्या पायाची टाच, श्वास. वीस वर्षं जे तोंडून निघालं नव्हतं ते भडाभडा बाहेर येत होतं. संध्याकाळी नोरीनला फोनवर सांगताना तो थांबतच नसे. "आज काय जेवलास?" ती मध्येच विचारायची, आणि त्याला ते आठवायचं नाही.

मेच्या अखेरीस एका सकाळी कर्व्ह जमला, चेंडू आयत्या वेळी खाली पडला. टेव्हियनने तो सोडला, तो छातीच्या उंचीवर आला आणि पकडणाऱ्याच्या ग्लोव्हखालून निसटून त्याच्या नडगीवर लागला. पकडणारा शिव्या देत एका पायावर नाचायला लागला. टेव्हियन आपल्या हाताकडे बघत उभा राहिला.

"पुन्हा," व्हर्लन म्हणाला. मग तो म्हणाला, "थांब."

त्याने कोल्बीच्या हातातली बॅट घेतली आणि स्वतः जाऊन प्लेटशी उभा राहिला. बॅट खांद्यावर ठेवून द्यायची होती, उचलायची नव्हती. तेवढं त्याला जमत होतं.

"कोच, लागेल," टेव्हियन म्हणाला.

"टाक."

चेंडू त्याच्याकडे आला. हातातून सुटताना तो किंचित वर उसळला, सरळ चेहऱ्यावर येतोय असं वाटलं, व्हर्लनचे गुडघे आपसूक वाकले, आणि मग चेंडू त्याच्या डोळ्यांसमोरून खाली निघून गेला. हजारो वेळा त्याने हा चेंडू फेकला होता. त्याला हात माहीत होता, बोटांच्या टोकांवर शिवणीची कड सुटते तो क्षण माहीत होता. पण हा असा दिसतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. समोरचे ते मोठमोठे बॅटवाले मान हलवत परत का जायचे, ते त्याला आज कळलं.

"पुन्हा टाक," तो म्हणाला.

टेव्हियन टाकत राहिला. सकाळ वर चढली, बाकीचे पाणी प्यायला निघून गेले. शेवटी चेबो येऊन त्याच्या हातातून बॅट काढून घेत म्हणाला, "पुरे. तो माणूस आहे, यंत्र नाही." मग त्याने व्हर्लनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या हातातली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

जूनमध्ये हेरन्स जिंकायला लागले. बाकांवर माणसं दिसू लागली. टेव्हियन फेकणार असेल त्या दिवशी जाळीमागे टोप्या घातलेले, वेग मोजायची यंत्रं घेतलेले अनोळखी लोक येऊन बसायचे. वरच्या संघांचे पारखी. पण टेव्हियनची एक खोड व्हर्लनला खटकत होती. नदीवर भोंगा वाजला की तो थांबायचा. पाय मागे घ्यायचा, टोपी सारखी करायचा, आणि उजवीकडच्या भिंतीवरून नजर टाकायचा. बोट पुढे गेली की मगच फेकायचा.

"तुझं लक्ष कुठे असतं?" एकदा इनिंग संपल्यावर व्हर्लन खेकसला. "तिथे काय तुझी आजी बसलीय?"

"आजोबा," टेव्हियन म्हणाला. व्हर्लनला ती थट्टा वाटली.

जुलैमध्ये बाहेरगावच्या सामन्याहून परतताना टेव्हियन बसमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसला. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना मका उभा, बाकीची पोरं पेंगत होती.

"कोच, तुम्हाला आधी सांगतो. अजून चेबोला बोललो नाही. मी ऑगस्टमध्ये जाणार."

व्हर्लन सरसावून बसला. "बोलावणं आलं? कुठल्या संघाचं?"

"संघाचं नाही. मिसिसिपीतल्या नॅचेझच्या एका टोबोट कंपनीचं, त्या बोटी ढकलणाऱ्या जहाजांच्या. माझे आजोबा तिथे बोट चालवायचे. नदी शिकायला एक जागा निघालीय. पायलटच्या शेजारी उभं राहून शिकायचं. अशी जागा रोज निघत नाही."

व्हर्लनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बोट?"

"हो."

"कोळसा ढकलायचा?"

"कोळसा, मका, खडी. जे असेल ते."

"अरे, वेडा झालास का?" व्हर्लनचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या कोल्बीने एक डोळा उघडला. "तुला कळतंय का तुझ्या खांद्याला काय लटकतंय? माणसं त्यासाठी जीव टाकतात. तो हात मिळावा म्हणून मी..." तो थांबला.

"म्हणून तुम्ही काय, कोच?"

"जाऊन तुझ्या जागेवर बस."

टेव्हियन उठून गेला. गाव येईपर्यंत व्हर्लन मक्याकडे बघत राहिला.

चेबोला कळलं तेव्हा त्याने लाकडी खुर्ची भिंतीवर भिरकावली. मग पाय मोडलेली ती खुर्ची सरळ करून तिच्यावर बसायला गेला, आणि पडला. एरवी दोघं पोट धरून हसले असते. जमिनीवरूनच तो म्हणाला, "तुझं ऐकेल तो. व्हर्न, त्याला अडव. वरच्या संघाचा माणूस शनिवारी येतोय. अशा पोराला बोटीवर कोण जाऊ देतं?"

व्हर्लनलाही तेच हवं होतं. त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली, चांगली, वजनदार. नोरीनला फोनवर ती म्हणून दाखवली.

"छान बोलतोस," ती म्हणाली. "फेकायचं कुणासाठी म्हणतोयस? त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

"त्याच्यासाठी. उघड आहे."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे बरं. फोन ठेव, माझं पीठ वाळतंय."

शनिवारी मैदान भरलं. टेव्हियनने त्या दिवशी जे फेकलं त्याबद्दल केटल बेंडमध्ये अजून बोलतात. कर्व्ह इतक्या वेळा पडला की समोरच्या संघाचा एक बॅटवाला शेवटी हसायलाच लागला. व्हर्लन मैदानाकडेच्या संघाच्या कट्ट्यावर बसून बघत होता. प्रत्येक फेकीला त्याचा खांदा हलत होता, पोर चालायला लागल्यावर आईचे पाय हलतात तसा. सामना संपला, लोक उभे राहिले, आणि जाळीमागचा टोपीवाला चेबोकडे येऊन खूप वेळ बोलला.

टेव्हियन मात्र बांधावर जाऊन बसला होता. घाम सुकून शर्टावर पांढरे डाग उमटले होते. व्हर्लन धापा टाकत चढला आणि शेजारी बसला.

"त्यांनी बोलावलंय तुला. सोमवारी."

"चेबोने सांगितलं." टेव्हियन गवताची काडी मोडत होता. "कोच, माझे वडील नाहीत. आजोबा गेले. आईला विचारलं तर ती म्हणते, तुझं तू बघ. तुम्ही सांगा. तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन. खरंच राहीन."

जुळवलेली सगळी वाक्यं व्हर्लनच्या जिभेवर होती. एक शब्द पुरला असता. राहा. आपण शिकवलेला तो चेंडू मोठ्या मैदानात पडला असता, दिव्यांखाली, आणि जगात कुठेतरी तो जिवंत आहे या विचाराने व्हर्लनला रात्री झोप लागली असती.

"बोटीवर असं काय आहे रे?" त्याने विचारलं. वेळ काढायला विचारलं होतं.

टेव्हियनने पाण्याकडे पाहिलं. "सकाळी धुकं असतं ना, तेव्हा नदी दिसतच नाही. आजोबा काच खाली करून नुसतं ऐकायचे. काठाला पाणी कसं लागतंय, वाळू कुठे साठलीय. मी लहान होतो, ते माझा हात सुकाणूच्या दांड्यावर ठेवायचे, वर आपला हात. आणि म्हणायचे, ढकलू नकोस, ती कुठे वळतेय ते हाताला कळू दे. मी तिथे फेकायला उभा राहतो, कोच, लोक ओरडत असतात, मला बरं वाटतं, खोटं का बोलू? पण भोंगा वाजला की मला वाटतं, माझ्याशिवायच निघाले सगळे."

व्हर्लन ऐकत होता. हे सगळं त्याला पाठ होतं. वीस वर्षं खिडकीपाशी उभा राहून त्याने हेच ऐकलं होतं, फक्त त्यात नदी नव्हती. आपण राहा म्हणालो तर हा राहील. फेकेल, नाव काढेल, आणि कुठल्यातरी घराच्या खिडकीत उभा राहून पन्नाशीत बाहेर बघत बसेल.

"जा," तो म्हणाला.

टेव्हियनने मान वळवली.

"पुन्हा विचारू नकोस. माझं मन बदलेल. जा म्हटलं ना, जा."

व्हर्लन बांधावरून खाली उतरला. आपण काही चांगलं केलं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. आपल्याच हाताने काहीतरी पाण्यात सोडून दिल्यासारखं वाटत होतं. तो खोलीवर गेला, पलंगाच्या कडेला बसला आणि बुटांच्या नाड्या न सोडता तसाच बसून राहिला.

टेव्हियन ऑगस्टच्या सुरुवातीला गेला. निघताना त्याने व्हर्लनला मिठी मारली. व्हर्लन म्हणाला, "जेवत जा वेळेवर," कारण दुसरं काही सुचलं नाही. चेबो आठवडाभर त्याच्याशी शब्दही बोलला नाही. आठव्या दिवशी कट्ट्यावर शेजारी बसत तो म्हणाला, "तू गाढव आहेस." व्हर्लनने मान डोलावली. मग त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

हेरन्स हरत हरत हंगामाच्या शेवटी आले. शेवटच्या सामन्याला नोरीन आली. टँकरच्या मालकाची जुनी गाडी मागून घेऊन दोन दिवस चालवत आली आणि पहिल्याच ओळीत शेंगदाणे घेऊन बसली. कोल्बी फेकत होता. सहाव्या इनिंगमध्ये चेबो पंचावर इतका भडकला, आणि पंचाच्या बायकोबद्दल असं काही बोलला, की त्याला मैदानाबाहेर काढलं. जाता जाता त्याने व्हर्लनकडे बोट दाखवलं. "आता तू सांभाळ."

कोल्बी दमला होता. त्याला बदलायला हवं होतं, आणि ते करायला आता व्हर्लनशिवाय कुणी नव्हतं. तो कट्ट्यावरून उतरला, रेषा ओलांडली, गवतावरून चालत, जिथून चेंडू फेकतात त्या मातीच्या उंचवट्यावर चढला. कोल्बीने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला.

"सॉरी, कोच."

"दाढी कर म्हणजे वजन कमी होईल," व्हर्लन म्हणाला. कोल्बी हसत हसत निघून गेला.

नवा पिचर सरावाच्या लांबच्या कोपऱ्यातून यायचा होता. तोवर व्हर्लन तिथे एकटा उभा राहिला, हातात चेंडू घेऊन. बोटं शिवणीवर कधी गेली ते त्याला कळलं नाही. समोर प्लेट होती, अगदी त्याच अंतरावर, कुणी हलवली नव्हती. प्लेटमागचा कॅचर वाकून ग्लोव्ह साफ करत होता. व्हर्लनने पायाखालच्या, मातीत रोवलेल्या रबराच्या पट्टीवर टाच टेकवली. आजूबाजूचा आवाज दूर गेला. खांद्यात एक कळ उठली आणि त्याला ती आवडली.

त्याने बाकांकडे पाहिलं. नोरीनने शेंगदाणे खायचं थांबवलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि कितीतरी वर्षांनी त्याची पाठ तिच्याकडे नव्हती.

"हॅस्केट," पंच म्हणाला, मवाळपणे. "तो आलाय."

नवा पिचर धापा टाकत शेजारी उभा होता, हात पुढे करून. व्हर्लनने चेंडू आणखी क्षणभर हातात धरला. मग त्याने तो त्या पंजात ठेवला, त्याची बोटं आपल्या बोटांनी शिवणीवर नीट बसवली, आणि म्हणाला, "वरून खाली. घाई करू नकोस."

आणि तो कट्ट्याकडे चालायला लागला, हळूहळू, जमेल तेवढा वेळ लावत.